पानावरचा डाग, पानामागचा डाग

आधी फिलोमिना टीचरांचं नाव लिहिते, मग बाकीचं. नालासोपाऱ्याजवळच्या गास गावातल्या, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या, जेवताना पुस्तक मिठाच्या बरणीला टेकवून वाचणाऱ्या फिलोमिना टीचर. त्या नसत्या तरी मी असते, पण अशी नसते. कुठंतरी दाराआड उभी असते, तोंडावर पदर धरून.

परीक्षेचे दिवस आले की मला हे सगळं आठवतं. आज सकाळी माणिकपूरला शाळेच्या फाटकासमोरून गेले. पोरं पुठ्ठे छातीशी धरून उभी होती, एक आई पोरीच्या तोंडात साखर-दही भरवत होती आणि पोरगी वहीवरची नजर न उचलता गिळत होती. ऊन अजून कोवळंच, पण रस्त्याला तापल्याचा वास यायला लागलेला. माझा हात आपोआप मानेमागं गेला. वेणी जागेवर आहे ना, बघायला. चार वर्षं झाली, ही सवय गेली नाही.

माझं गाव किनवटच्या पुढं, जंगलाला लागून. उन्हाळ्यात आम्ही सगळी तेंदूची पानं तोडायला जायचो. विडीची पानं ती. घरी आणून, पुसून, एकावर एक ठेवून त्यांचे पुडे बांधायचे. डागाळलेलं पान पुड्यात गेलं की घेणारा अख्खा पुडा बाजूला टाकायचा. पानं एकावर एक असली की कोवळ्या पानातून खालच्या पानाचा डाग वर दिसतो, आणि चांगलं पान उगीच फेकलं जातं. म्हणून माय सांगायची, "एकेक पान उचल. उन्हाकडं धर. डाग पानावरचा हाय का पानामागचा, ते बघ. मग फेक." हे मला शाळेच्या आधी यायला लागलं. शाळा मात्र सातवीपर्यंतच झाली.

कारण बा खोकायला लागला. आधी पहाटेचा, मग दिवसभर. मग रक्त. त्याला औषध मिळालं ते फार उशिरा, आणि तेही मध्येच सुटलं. माझ्या लक्षात खोकल्यापेक्षा जास्त राहिला तो ग्लास. आत्यानं बाचा पितळी ग्लास घरातून काढून बाहेरच्या कोनाड्यात ठेवला. कुणी कुणाला काही बोललं नाही. त्या दिवसापासून शेजारपाजारचे आले की अंगणाच्या कडेलाच बसायचे, आणि बा बोलायला लागला की हळूच मागं सरकायचे. मीही सरकायचे. बानं ते बघितलं होतं. तो एकदा हसून म्हणाला, "सरक बाई, सरक. अजून थोडी जागा हाय मागं." भिंत लागली होती माझ्या पाठीला.

त्यातच बा गेला. बऱ्याच वर्षांनी, नालासोपाऱ्याला राहणाऱ्या गावच्या एका बाईच्या ओळखीनं मी गासला आले. काम होतं पप्पांना सांभाळायचं. पप्पा म्हणजे टीचरांचे वडील. एके काळी त्यांची पानवेलींची मोठी वाडी होती. आता थोडी केळी, थोडी तगर आणि विहीर. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलण्यातले दोनच शब्द मागं उरले होते, "बाय" आणि "नको." या दोन शब्दांत ते सगळा कारभार चालवायचे. 'बाय' लांबवलं की पाणी, तोडलं की राग, दोनदा म्हटलं की खिडकी उघड. टीचर आणि त्यांचे नातेवाईक आपसात त्यांच्या घरची बोली बोलायचे, ती मला दोन महिने कळलीच नाही. पप्पांची भाषा मात्र आठवड्यात आली.

त्यांचा डावा हात भलताच जोरकस होता. मी उशी नीट करायला वाकले की माझी वेणी पुढं यायची आणि ते ती धरून ओढायचे. मला हाक मारायची त्यांची ती रीत.

"पप्पा, ती वेणी आहे, विहिरीचा दोर नाही!" टीचर स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

पप्पा अर्ध्या तोंडानं हसायचे. अजून एक हिसका.

केस माझे दाट, बोटभर तेल चोपडलेले, वेणी मनगटाएवढी. मान दुखायला लागली तेव्हा मी वेणी ड्रेसच्या गळ्यातून आत सोडायला लागले, पाठीवर, डाव्या बाजूला, त्यांच्या हाताला लागणार नाही अशी. इतकी सवय झाली की कपडे बदलले की हात आपोआप वेणी आत सरकवायचा. मला कळायचंही नाही.

दुपारी पप्पा झोपले की टीचर जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसायच्या. त्या पीएचडी करत होत्या. एकदा मी लसूण सोलत मागं उभी होते. पडद्यावर काळ्यावर निळसर ठिपके.

"हे काय टीचर? पीठ सांडलंय?"

"ही दीर्घिका. म्हणजे ताऱ्यांचं गाव समज. आपला सूर्य जसा एका गावातला, तसं हे दुसरं गाव, फार लांबचं. या गावात अजून पाळणे हलतात, नवे तारे जन्मतात. आणि हा त्या गावाचा एक्स-रे."

"का? हाड मोडलंय गावाचं?"

टीचर इतक्या हसल्या की आतून पप्पांचं "बाय!" आलं, तोडलेलं.

मग त्यांनी समजावलं. आपला एक्स-रे काढताना मशीन किरण सोडतं, ते अंगातून जातात. तिथं मशीन नाही. ते किरण त्या गावातूनच निघतात, आणि आपल्या हवेत अडतात, म्हणून त्यांची दुर्बीण वर, हवेच्या पलीकडे फिरत असते. प्रश्न एवढाच, की ते किरण सोडतंय कोण? तापलेला वायू असतो, तो धुक्यासारखा पसरलेला दिसतो. आणि ठिपके असतात. "मोठा तारा लवकर मरतो," टीचर म्हणाल्या. "मेल्यावर कधी कधी त्याचं एवढंसं, पण भयंकर जड काहीतरी उरतं. शेजारी एखादा जिवंत तारा असला की ते त्याच्या अंगचा वायू ओढून घेतं. ओढला जाताना वायू तापतो, आणि त्यातून हे किरण सुटतात."

माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. "मेलेला जिवंताला ओढतो?"

"तसंच काहीसं."

 मला बा दिसला.

"पण खरी अडचण पुढंच आहे," टीचर म्हणाल्या. "हा ठिपका या गावातलाच आहे, की गावाच्या मागं कुठंतरी दूर जळणारं दुसरंच काही आहे? किंवा अगदी आपल्या जवळचा एखादा तारा मध्येच आला असेल. फोटो सपाट असतो ना. पुढचं, मधलं, मागचं, सगळं एकाच जागी दिसतं."

"तेंदूच्या पानासारखं," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. मी पानांचं सांगितलं. त्यांनी लगेच खुर्ची ओढली. "बस इथं."

तेव्हापासून दुपारी मी त्यांच्या शेजारी बसायला लागले. एकीकडे साध्या उजेडातला फोटो, दुसरीकडे एक्स-रेचा. ठिपका जिथं आहे तिथं साध्या फोटोत काय आहे ते मी बोलायचं, टीचर लिहायच्या. इथं नवे तारे दिसतात. इथं काहीच नाही. इथं एक लालसर टिंब आहे, ते या गावातलं वाटत नाही. इंग्रजीतली अक्षरं मला धड लागत नव्हती, पण डाग ओळखायला अक्षरं कशाला लागतात?

त्यांच्या यादीत एक ठिपका होता, एका दीर्घिकेच्या अगदी कडेला, बाकी सगळ्यांपेक्षा तेजस्वी. तो गावातला असला तर टीचरांचं म्हणणं उभं राहत होतं. मागचा असला तर एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहायचं. त्यांना तो आतलाच हवा होता, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळायचं. तरी त्यांनी त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. "मला हवंय म्हणून तो तिथला होत नाही, रेणू. दुसऱ्या वेळी काढलेला, दुसऱ्या तऱ्हेचा फोटो मिळेपर्यंत गप्प बसायचं."

त्याच फेब्रुवारीत टीचर मागं लागल्या की माणिकपूरला रुग्ण सांभाळण्याचा कोर्स आहे, तो कर. "पप्पा काही जन्मभर पुरणार नाहीत तुला." कोर्सच्या फॉर्मबरोबर छातीचा एक्स-रे जोडायचा होता. मी गेले तो दिवस राखेच्या बुधवारचा. सकाळी टीचर चर्चमधून कपाळावर राख घेऊन आल्या होत्या. माणूस मातीचा, मातीलाच मिळणार, असं सांगून ती लावतात म्हणे. मला ते नीट वाटलं नाही. अशा दिवशी जाऊ नये, असं मनात आलंही होतं.

एक्स-रेवाल्यानं झगा दिला. गळ्यातलं काढा. काळा दोरा काढला. केस वर बांधलेत का, असं पडद्याआडून विचारलं. मी "हो" म्हटलं. का म्हटलं? डॉक्टरांच्या ठिकाणी मी सगळ्यालाच हो म्हणते. गार फळीला छाती लावली, श्वास धरला, झालं.

तासाभरानं काउंटरवरच्या माणसानं फोटो पाकिटात घालता घालता विचारलं, "खोकला आहे का?"

"नाही."

"घरात कुणाला होता का? टीबी वगैरे?"

मी पाकीट धरून उभी राहिले.

"डावीकडं वर डाग दिसतोय. छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. उशीर करू नका."

परतताना रिक्षात बाजूची बाई माझ्याशी काहीतरी बोलत होती. मी तोंड बाहेर काढून बसले होते, श्वास तिच्याकडं जाऊ नये म्हणून.

ते पाकीट मी तांदळाच्या डब्यामागं ठेवलं आणि टीचरांना सांगितलं, फोटो उद्या मिळणार. दुसऱ्या दिवशी सांगितलं, मशीन बंद आहे. असे नऊ दिवस. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा लाजेला जागाच नव्हती, सगळी भीतीच होती. काम जाईल ही भीती होती, परत जाऊन मायला काय सांगू ही होती. पण या दोन्हींपेक्षा मोठी एक होती, ती पप्पांची. दीड वर्ष मी त्यांना माझ्या हातानं भरवत होते. पेज गरम आहे का बघायला फुंकर मारत होते. माझी फुंकर!

मी तोंडाला ओढणी बांधली. "धूळ फार आहे हो," म्हटलं. भरवताना मान वळवून श्वास घ्यायचे. पप्पांना ते आवडत नसे; डाव्या हातानं ओढणी ओढायला बघायचे, "नको, नको." माझा ग्लास मी स्वतःच वेगळा केला आणि मोरीच्या खिडकीत ठेवला. ठेवला, आणि बाचा कोनाडा समोर उभा राहिला. दुपारी टीचरांच्या शेजारी बसायची ती हातभर मागं बसायला लागले. "तिथून काय दिसतंय तुला?" त्या म्हणायच्या. मला सगळीकडं डागच दिसत होता. त्या काळ्या पडद्यावर, केळीच्या पानावर, भिंतीवरच्या ओलीत. वाडीत तगर फुललेली, आंब्याला मोहोर, एरवी मी उभी राहून वास घेतला असता. त्या दिवसांत खोल श्वास घ्यायचीच हिंमत होत नव्हती. आत काय सापडेल कोण जाणे.

दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी वाडीवरून क्रुसाच्या वाटेची गाणी ऐकू येत होती. त्यांच्या उपवासकाळात दर शुक्रवारी ती भक्ती असते. मी पप्पांना पेज भरवत होते. मधेच त्यांना खोकला आला. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. टीचरांनी पाठ चोळली, पाणी दिलं, थांबला. पेजेचं शीत अडकलं होतं, एवढंच. पण मी वाटी खाली ठेवली. मी तिथंच फरशीवर बसले.

"टीचर, मी मारलं पप्पांना."

मग सगळं सांगितलं. बाचंसुद्धा, जे कुणालाच सांगितलं नव्हतं. टीचर ऐकत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"नऊ दिवस?" एवढंच म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "नऊ दिवस भरवत होतीस त्यांना, रेणू?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या. मला वाटलं, आता मागं सरकतील. माझी पाठ भिंतीला लागलेलीच होती. त्यांनी खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी नेऊन ठेवली. खिडक्या सताड उघडल्या. "आण तो फोटो. इथं ये, उजेड आहे अजून."

त्यांनी फोटो मावळत्या उन्हाकडं धरला. त्यांचा हात थरथरत होता. मी लांब उभी होते, तर म्हणाल्या, "तिथून काय दिसणार? तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. बघ. काय आहे ते सांग, काय वाटतं ते नको."

मी बघितलं. डावीकडं वर एक पांढुरका पट्टा. "पट्टा आहे," मी म्हटलं.

"कुठून कुठपर्यंत?"

"छातीच्या वरपासून... वर गेलाय. गळ्याच्या हाडाच्या वर. मानेपर्यंत."

"फुफ्फुस मानेत असतं का?"

मी फोटोच्या आणखी जवळ गेले.

"कडा कशा आहेत? आत काही दिसतं?"

"रेघा आहेत टीचर. बारीक. पीळ दिल्यासारख्या."

"गळ्यात काय होतं तुझ्या?"

"काही नाही. दोरा काढला होता."

"आणि केस?"

माझा हात मानेमागं गेला. वेणी होती, गळ्यातून आत सोडलेली, डाव्या बाजूला, नेहमीसारखी. मी ती बाहेर ओढून काढली आणि खांद्यावरून पुढं घेतली. टीचरांनी फोटो तिच्याशेजारी धरला. एकदा फोटोकडं, एकदा वेणीकडं. खाटेवरून पप्पांनी डावा हात लांब केला. त्यांना इतक्या दिवसांनी वेणी दिसली होती.

मी रडायला लागले. टीचर नाही रडल्या. त्या म्हणाल्या, "थांब. मला वाटतंय की हा डाग तुझ्या आतला नाही, पाठीवरचा आहे. पण मला असं हवंय, म्हणून मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही. दुसरा फोटो काढायचा. थुंकी तपासायची. तोवर पप्पांच्या खोलीत जायचं नाहीस. मला भीती वाटतेय, रेणू, खोटं कशाला सांगू? आणि निघालाच आजार तर औषध आहे. पुरतं घ्यायचं, माणूस बरा होतो. तुझ्या बाचं झालं तसं मी होऊ देणार नाही. माझ्यावर राग धरू नकोस."

राग कसला? दाराबाहेर राहा, असं मला तोंडावर, माझ्याकडं बघत, कारणासकट सांगणारं पहिलं माणूस होतं ते. मोरीच्या खिडकीतला माझा ग्लास त्यांनी पाहिला होता. तो त्यांनी आत आणला नाही; उगीच मोठेपणा केला नाही. फक्त त्या माझ्यासाठी चहा घेऊन पडवीत यायच्या आणि दोन पायऱ्या सोडून खाली बसून आपला प्यायच्या. बाजूला कुणी बसून चहा पितंय, याचं काय असतं ते ज्याचा ग्लास वेगळा झाला त्यालाच कळतं.

थुंकीचा निकाल यायला तीन दिवस लागले. टीचरांनी कॉलेजातून सुट्टी घेतली आणि पप्पांना स्वतः भरवलं. आतून सारखं ऐकू यायचं, "नको. नको. बाय! बाय!" टीचरांचे केस बारीक कापलेले, ओढायला हाताला काही लागेना, म्हणून म्हातारा चिडायचा. मी पडवीत बसून गुडघ्यात तोंड घालून ते ऐकायचे. बाहेर शेजारची दहावीची पोर फेऱ्या मारत विज्ञान पाठ करत होती, प्रकाशाचे नियम, तेच तेच, चुकून परत पहिल्यापासून. मला वाटायचं, हिला निदान प्रश्न तरी ठाऊक आहेत.

दुसऱ्या फोटोला टीचर बरोबर आल्या. त्यांनी स्वतः माझे केस डोक्यावर बांधले, पिना इतक्या घट्ट लावल्या की डोळ्यांत पाणी आलं. एक्स-रेवाला म्हणाला, "अहो ताई, मी विचारलं होतं ना? हो म्हणालात तुम्ही!"

"चुकलं तिचं," टीचर म्हणाल्या. "तुम्हीही पडद्याच्या अलीकडं येऊन बघत जा."

फोटो साफ होता. डॉक्टरांनी पाहिला, थुंकीचाही निकाल साफ आला. डॉक्टर म्हणाले, लांब केसांच्या बायकांत असं होतं कधी कधी. त्यांच्यासाठी तेवढंच.

त्या संध्याकाळी मी पप्पांच्या खोलीत गेले, वाकले, आणि वेणी मुद्दाम पुढं सोडली. असा हिसका बसला की मान दोन दिवस दुखत होती.

पप्पा मागच्या पावसाळ्यात गेले, झोपेत. मी आता कोर्स पुरा करून माणिकपूरला रुग्णांचं काम करते. छातीच्या फोटोला बाई आली की मी आधी तिच्या मानेमागं हात घालून बघते. बाया दचकतात, मग हसतात. भीती गेली का? नाही. कुणी खोकलं की मी अजून वळून बघते. हा मोसम आला की रात्री झोप जरा उशिरा लागते. आणि या वर्षी त्यात भर पडली आहे, कारण टीचरांनी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला आणि चार दिवसांनी मी स्वतः पुठ्ठा घेऊन त्या फाटकासमोर उभी राहणार आहे, निम्म्या वयाच्या पोरांमध्ये. विज्ञानात प्रकाशाचा धडा आहे. तो पाठ आहे. तरी परत पहिल्यापासून म्हणून बघते.

टीचरांचा तो कडेचा ठिपका अजून तसाच आहे, प्रश्नचिन्हासकट. दुर्बिणीवर वेळ मिळाला आहे, दुसरा फोटो या वर्षी येईल किंवा पुढच्या. परवा भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "मागचा निघाला तर इतक्या वर्षांचं काम गेलं, रेणू." हसत म्हणाल्या, पण हात थरथरत होता. तो हात मी ओळखते.

टीचर, तुमचं माझ्याकडं जे आहे ते पेज भरवून फिटणार नाही, आणि पास होऊनही नाही. तो फोटो येईल त्या दिवशी मला बोलवा. कुठंही असले, कुणाच्याही उशाशी असले, तरी सुट्टी मागून येईन. खुर्ची खिडकीपाशी नेईन आणि तुमच्या शेजारी बसेन, हातभर मागं नाही. काय आहे ते सांगेन, काय हवंय ते नाही. आणि ठिपका मागचा निघाला, तर चहा मी करीन.